पैसे भरूनही 'व्हायरस सापडला' थांबत नाही? आधी मागणारा कोण ते बघा

येळ्ळूरचे एक निवृत्त गुरुजी मार्चमध्ये तिसऱ्यांदा दुकानात आले. लॅपटॉप नेहमीसारखा कापडी पिशवीत. बाहेर काढला तर इअरफोनच्या भोकात एक तुटकी पिन खोचलेली, वायर नाही, नुसतीच पिन.

"हे काय गुरुजी?"

"अरे, सारखं टिंग टिंग वाजतंय. डोकं उठलं. ही पिन घातली की गप्प बसतंय."

लॅपटॉप सुरू केला. दोन मिनिटं झाली नसतील, उजव्या कोपऱ्यात खालून एक पट्टी वर सरकली. लाल ढाल, नावाजलेल्या अँटीव्हायरसचं चिन्ह, आणि इंग्रजीत मजकूर: तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, तुमची मुदत आज संपते, लगेच नूतनीकरण करा. ती जाते न जाते तोवर दुसरी. मग तिसरी.

आता कबुली देतो. पहिल्या खेपेला मी पूर्ण स्कॅन लावला, काही सापडलं नाही, "काही नाही ओ गुरुजी, दुर्लक्ष करा" म्हणून पाठवून दिलं. त्यांनी घाबरून घरी त्या पट्टीवरच टिचकी मारून पंधराशे रुपये भरले. दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून त्यांना वर्षाचा अँटीव्हायरस विकला. आठ दिवसांत पट्ट्या परत हजर, आणि वर या नव्या अँटीव्हायरसच्या स्वतःच्या जाहिराती वेगळ्याच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं झालं होतं. विंडोज तपासत बसलो होतो, आणि दोष विंडोजमध्ये नव्हताच.

तिसऱ्या खेपेला पट्टी नीट वाचली. लाल ढाल सोडून तिच्या कडेचा बारीक, करड्या अक्षरांतला मजकूर वाचला. तिथे 'गूगल क्रोम' लिहिलं होतं आणि त्याच्या शेजारी कुठल्या तरी भलत्याच वेबसाइटचं नाव. खऱ्या अँटीव्हायरसच्या सूचनेवर क्रोमचं नाव कशाला असेल? ती पट्टी म्हणजे एका वेबसाइटने ब्राउझरमार्फत पाठवलेली नोटिफिकेशन होती, वर्तमानपत्रात घालून येतो तसला जाहिरातीचा कागद. लॅपटॉपमध्ये व्हायरस एकही नव्हता.

बेळगावात नाथ पै चौकाजवळ माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. अँटीव्हायरसची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिला प्रश्न एकच विचारतो: पैसे मागतंय कोण? ब्राउझर मागतोय, लॅपटॉपमध्ये बसलेला प्रोग्रॅम मागतोय, बँकेतून आपोआप कापले जातायत, की ईमेल आलाय? चारही वेळी शब्द तेच असतात, 'सबस्क्रिप्शन', 'एक्स्पायर्ड', 'रिन्यू'. उपाय मात्र चारही वेळी वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की माझ्यासारखी फजिती होते.

कोपऱ्यातून येणाऱ्या पट्ट्या

क्रोममध्ये वर उजवीकडे तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. गुरुजींच्या यादीत सतरा नावं होती. त्यांतली दोन ओळखीची, बाकी नुसती अक्षरांची खिचडी. प्रत्येक नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून 'ब्लॉक' करा. 'रिमूव्ह' केलं तरी पट्टी थांबते, पण ती साइट पुढच्या वेळी पुन्हा परवानगी मागू शकते. म्हणून मी ब्लॉकच करतो. त्याच पानावर वरच्या बाजूला साइट्सना नोटिफिकेशन मागूच न देण्याचा पर्याय आहे, तोही लावून टाका. आपल्यापैकी कितीजणांना वेबसाइटच्या नोटिफिकेशनची खरंच गरज असते? मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर वापरत असाल तर तिथेही साइट परमिशन्समध्ये हीच यादी मिळेल.

पट्टी आलेली असतानाच तिच्यावरच्या तीन ठिपक्यांतून किंवा चाकाच्या खुणेवरूनही ती साइट बंद करता येते. पण घाईत बोट पट्टीवरच पडतं आणि नको ते पान उघडतं. घरातल्या मोठ्या माणसांना मी हा मार्ग सांगत नाही.

एवढं केल्यावर पट्ट्या बंद होतात. पण ही तक्रार पुन्हा पुन्हा येणारी आहे, म्हणून त्या आल्या कुठून तेही शोधावं लागतं. गुरुजींच्या घरी कारण नातीच्या एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकच्या दहावीत सापडलं. मराठी माध्यमाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. कन्नड आणि इंग्रजी माध्यमाच्या ढिगानं मिळतात, मराठीच्या शोधायच्या म्हणजे दहा साइट्स धुंडाळायच्या. त्यांतल्या एका साइटवर पीडीएफच्या आधी एक पान आलं: 'तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा.' पोरीनं दाबलं. पीडीएफ मिळाली नाहीच, नोटिफिकेशनची परवानगी तेवढी गेली. पुढच्या साइटवर परत तेच. रोबॉट नसल्याची खरी तपासणी चौकोनात खूण करायला लावते, चित्रं ओळखायला लावते. ती कधीही 'अलाउ' दाबायला सांगत नाही. घरात एवढी एक गोष्ट सगळ्यांना माहीत झाली तरी अर्धं काम होतं.

आपल्या भागात हे जास्त का होतं, याचं माझं एक मत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला दोन-तीन भाषांत कागद हाताळावे लागतात. तहसीलची नोटीस कन्नडमध्ये, लग्नपत्रिका मराठीत, बँकेचा फॉर्म इंग्रजीत. मग कन्नडचं मराठी करून देणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) शोधा, कन्नड टायपिंगचं 'नुडी' कुठून तरी उतरवा, मराठी डीटीपीच्या 'श्रीलिपी'चे फॉन्ट 'फ्री डाउनलोड' म्हणून मिळतात का बघा. अशी आडवाटेची साइट म्हणजे या पट्ट्यांची नर्सरीच. मी स्वतः एकदा फॉन्टच्या अशा चोरीच्या इन्स्टॉलरसाठी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बंद केला होता, कारण त्या इन्स्टॉलरनेच तशी सूचना दिली होती. ऐन लग्नसराईत ब्राउझरचं होमपेज बदललं, शोध भलत्याच ठिकाणी जायला लागले आणि एक दिवस पत्रिका सोडून ते निस्तरण्यात गेला. एखादा प्रोग्रॅम 'आधी अँटीव्हायरस बंद करा' म्हणाला तर तो प्रोग्रॅमच टाकू नका.

नोटिफिकेशन्स ब्लॉक करूनही काही दिवसांनी भलती पानं उघडत असतील तर क्रोमची एक्स्टेन्शन्स बघा. तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. जे आपण टाकल्याचं आठवत नाही ते काढा. एकाच गूगल खात्यावर घरचा आणि दुकानचा असे दोन संगणक जोडलेले असतील आणि सिंक चालू असेल, तर एकीकडे टाकलेलं एक्स्टेन्शन दुसरीकडेही येतं. त्यामुळे दोन्हीकडे एकदम बघा, नाहीतर "काढलं होतं की, परत कसं आलं?" हे चालूच राहतं.

सगळा पडदा व्यापून 'फोन करा' म्हणणारं पान

हे वेगळं. अचानक पूर्ण पडद्यावर निळं किंवा लाल पान, भोंगा, इंग्रजीत बाईचा आवाज, संगणक कुलूपबंद झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. हे पण ब्राउझरमधलं पानच आहे. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटलं तर ऑल्ट आणि एफ ४. तेही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझरवर 'एंड टास्क' करा. परत उघडल्यावर ब्राउझर विचारेल, मघाची पानं पुन्हा आणू का? नको म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर नसतो, हे त्यांनीच जाहीर करून ठेवलंय. नंबर दिसला की खोटं.

लॅपटॉपबरोबर फुकट आलेला पाहुणा

नवा लॅपटॉप घेतला की बऱ्याचदा त्यात एखादा अँटीव्हायरस आधीच बसवलेला असतो. महिनाभराचा, कधी वर्षाचा. लॅपटॉप बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात, म्हणून तो तिथे असतो. मुदत संपली की 'तुम्ही असुरक्षित आहात' सुरू. हा खोटा नाही, खराच प्रोग्रॅम आहे. फक्त तुम्ही त्याला बोलावलेला नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून आहे, फुकट. दुसरा अँटीव्हायरस बसला की तो आपणहून मागे सरतो. जुन्याची मुदत संपली की डिफेंडर बहुधा आपणहून परत येतो, पण तरीही मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच ठेवू नका: जुना पहारेकरी पगार बंद झाला म्हणून काम सोडूनही दारात ओरडत बसलेला. एक तर पैसे भरा, नाहीतर काढून टाका. 'आत्ता नको' दाबत वर्ष काढू नका.

विंडोज ११ मध्ये काढायचं असं: सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, नाव शोधा, अनइन्स्टॉल. मध्ये तो दोन-तीनदा सवलत दाखवेल, "थांबा, निम्म्या किमतीत देतो" म्हणेल. बाजारात पाठ फिरवल्यावर मागून हाक मारतात ना, तसंच. मोठं रंगीत बटण 'ठेवा'चं असतं, 'काढा'चं बारीक अक्षरांत. सावकाश वाचून दाबा. शेवटी रिस्टार्ट कराच. एकाच कंपनीचे दोन-दोन प्रोग्रॅम असतात, मुख्य अँटीव्हायरस आणि ब्राउझरमधला 'वेब' नावाचा जोडीदार, तोही काढा.

काढूनही पट्टी येत असेल तर उरलंसुरलं साफ करायला त्या कंपनीचंच हत्यार वापरावं लागतं. मॅकॅफीचं 'एमसीपीआर', अवास्टचं 'अवास्ट क्लिअर', नॉर्टनचं 'रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल' (यात फक्त काढण्याचा पर्याय आत दडलेला असतो). हे सगळं त्या-त्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. शोधून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारलीत तर आगीतून फुफाट्यात.

रिस्टार्ट झाल्यावर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' बघा. हिरवी खूण आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसला म्हणजे झालं. तिथेच खाली 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये सध्या पहाऱ्यावर कोण आहे ते कळतं. एक गोष्ट राहते. पुढे कधी लॅपटॉप कंपनीच्या रिकव्हरीतून पुन्हा पहिल्यासारखा केलात, तर हा पाहुणाही परत येतो. तो बिघाड नाही.

असाच आणखी एक मागच्या दाराने येतो. पीडीएफ रीडर किंवा दुसरं काही फुकट सॉफ्टवेअर उतरवताना बाजूच्या चौकोनात आधीच खूण केलेली असते, 'सोबत हे पण'. जातीचा, उत्पन्नाचा दाखला डिजिटल सहीसकट छापायला आमच्याकडे रीडर सगळ्यांना लागतो, आणि घाईत ती खूण कोणी काढत नाही.

प्रोग्रॅम काढला, तरी पैसे कापले

हे माझ्यावरच गुदरलं. एका कंपनीचा अँटीव्हायरस दुकानाच्या संगणकावर घेतला होता, कंटाळून काढून टाकला. वर्षाने खात्यातून पहिल्या वर्षाच्या दुप्पट रक्कम गेली. प्रोग्रॅम काढणं आणि वर्गणी बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं. घर सोडलं म्हणून पेपरवाल्याचं बिल थांबत नाही, तसं. पहिल्या वर्षाची किंमत सवलतीची असते, ऑटो रिन्यूअल पूर्ण किमतीला होतं. खरेदीच्या पानावर ते लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण?

रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आपल्या बाजूला आहे. कार्डावरून असे ठरावीक मुदतीने पैसे कापायचे असतील तर पहिल्यांदा ओटीपी लागतो आणि दर वेळी किमान २४ तास आधी कळवावं लागतं. तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. माझाही हरवला होता. १५,००० रुपयांपर्यंत नंतरच्या वेळी ओटीपी लागत नाही, आणि अँटीव्हायरसची रक्कम त्याच्या खालीच असते. म्हणजे तो मेसेज हीच एकमेव घंटा.

थांबवायचं कसं? कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन ऑटो रिन्यूअल बंद करा आणि बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा. त्यावर भागवू नका. कार्डाने दिले असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ई-मॅन्डेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) शोधा आणि तिथूनही रद्द करा. यूपीआयने दिले असतील तर फोनपे, गूगल पे, भीम, ज्यातून दिले त्यात 'ऑटोपे' असतं, तिथे चालू असलेली यादी दिसते. मोबाईलवर प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा. बँकेत जाऊन सांगणार असाल तर "अँटीव्हायरस बंद करा" म्हणू नका, काउंटरवरच्या माणसाला त्याचं काही कळत नाही. "ई-मॅन्डेट रद्द करायचंय" म्हणा, लगेच कळतं.

पैसे कापले गेले असतील तर गप्प बसू नका. बऱ्याच कंपन्यांकडे नूतनीकरणानंतर ठरावीक दिवसांत पैसे परत करायची सोय असते. मी त्यांच्या साइटवरून अर्ज केला, आठवडाभर ईमेलची फेकाफेकी झाली आणि पैसे आले. मदतीचा नंबर मात्र गूगलवर शोधू नका. शोधात वर दिसणारे 'कस्टमर केअर' बरेचदा दुसऱ्याच कुणाचे असतात.

ईमेलने आलेलं बिल

'तुमची वर्गणी ३९९ डॉलरला नूतनीकृत झाली, रद्द करायची असल्यास २४ तासांत या नंबरवर फोन करा.' सोबत पीडीएफ. गणपत गल्लीत भाजी घेणाऱ्या माणसाला डॉलरमध्ये बिल कशाला येईल? तरी माणसं फोन करतात, कारण पैसे जातील ही भीती. त्या ईमेलने काहीच कापलेलं नसतं. खातं बघा, व्यवहार नसेल तर ईमेल पुसून टाका. फोन केलात की तो माणूस 'पैसे परत देतो' म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतो, पडदा त्याच्या हातात जातो, आणि मग खरोखरच पैसे जातात.

असं झालं असेल तर आधी इंटरनेट तोडा, वायफायचा राउटरच बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा. मग लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यात अडवायचे तर पहिले काही तासच हातात असतात. त्यानंतर सीईएन पोलीस ठाणं, सायबर गुन्हे तिथे जातात. तक्रार कन्नडमध्ये लिहिता येत नाही म्हणून दोन दिवस थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. थांबू नका. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम एवढं कागदावर घेऊन जा, बाकी तिथे होतं.

मोबाईलवर 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस' म्हणत फोन थरथरवणारं पान आलं तर टॅब बंद करा, त्याने सुचवलेलं 'क्लीनर' टाकू नका. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये अशा नोटिफिकेशनखाली 'अनसबस्क्राइब' बटण येतं, ते दाबलं की पुरे. ॲप तपासणारा गूगलचा प्ले प्रोटेक्ट फोनमध्ये आधीच असतो.

आता सगळे विचारतात ते: विकतचा अँटीव्हायरस घ्यायचाच नाही का? मी विकतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं तोलूनच घ्या. घरी बँकेची कामं, यूट्यूब, नातवंडांचा अभ्यास एवढंच असेल आणि विंडोजचे अपडेट वेळेवर घेत असाल तर डिफेंडर पुरतो. विंडोज १० ची मोफत नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तिथे अँटीव्हायरसवर खर्च करण्याआधी मशीन विंडोज ११ घेतं का ते बघा. माझ्यासारख्या दुकानात दिवसाला चाळीस पेनड्राइव्ह लागतात, उद्यमबागेतल्या कारखान्याच्या ऑफिसात टॅलीचा सगळा हिशेब एका मशीनवर असतो, तिथे विकतचा घेण्यात अर्थ आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं अँटीव्हायरस म्हणजे क्विक हील, पुण्याच्या काटकर बंधूंचा, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिलेला. कुठलाही घ्या, पण एकच घ्या. दोन एकत्र टाकले की ४ जीबी रॅमचा लॅपटॉप बसतोच. आणि टॅलीच्या डेटाची प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर काढा. त्या कामासाठी अँटीव्हायरसवर विसंबू नका.

गुरुजींच्या लॅपटॉपवरच्या सतरा साइट्स ब्लॉक केल्या, मी विकलेल्या अँटीव्हायरसच्या जाहिराती त्याच्या सेटिंग्जमधून बंद केल्या, ऑटो रिन्यूअल काढलं. पैसे घेतले नाहीत, घेणार तरी कुठल्या तोंडानं. नातीला शाळेतल्या बाईंकडून प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स मिळाली, ती आमच्याच दुकानात काढली.

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला.

"अरे, पट्ट्या गेल्या बघ सगळ्या. पण आता कीर्तन लावलं तर आवाजच येईना. तू काय काढलंस काय त्यातलं?"

"गुरुजी, ती पिन काढा."